शस्त्रक्रियेआधीचा दम

मोठ्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ पेशंटला एक प्रश्न हमखास विचारतात : "न थांबता दोन जिने चढता का?" खोडाळ्याच्या माणसाला हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या त्या पाड्यांवर कारवीच्या कुडाची घरं असतात, त्यांना माडी नसते आणि जिनाही नसतो. चढ मात्र दाराबाहेरच सुरू होतो. त्यामुळे विचारायचंच असेल तर असं विचारावं : घरी पाणी कोण आणतं? विहिरीवरून येताना आता मध्ये बसावं लागतं का? यंदा आवणीला गेला होतात का? मोळी आणायचं कधी सोडलं?

दम जोखणारा जिन्यांचा हा प्रश्न जगभर विचारला जातो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 1989 साली त्यासाठी बारा प्रश्नांची यादी तयार झाली आणि ती आजही वापरात आहे. तुम्ही गोल्फ खेळू शकता का, टेनिस खेळू शकता का, बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ जमतो का, असे प्रश्न तिच्यात आहेत. जव्हार-मोखाड्यासाठी नागली, वरई, हंडा आणि मोळी यांची यादी कुणीतरी करायला हवी. ही चेष्टा नाही. 2018 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1401 रुग्णांचा एक अभ्यास आला. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी नुसतं बघून आणि बोलून रुग्णाची ताकद किती आहे याचा अंदाज बांधला, मग तीच ताकद यंत्रावर मोजली. ज्यांची ताकद खरोखर कमी होती, त्यांच्यापैकी जेमतेम 19 टक्के लोक डॉक्टरांच्या नजरेला ओळखता आले. प्रश्नांची ती यादी अंदाजापेक्षा जास्त कामाची निघाली. अनुभवी डॉक्टरांची नजर इथे फसते आणि कष्टाने काटक दिसणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती अधिकच फसत असणार, असं मला वाटतं.

ही ताकद मोजायची कशासाठी? स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरतं. मोठं ऑपरेशन झालं की पुढचे काही दिवस ही मागणी जवळजवळ दीडपट होते. पेशंट खाटेवर निपचित पडलेला दिसतो, पण जखम भरणं, जंतूंशी लढणं, ताप सोसणं यासाठी हृदय आणि फुप्फुसं दिवसरात्र जादा काम करत असतात. हा चढ मध्येच टाकून देता येत नाही. ज्याच्याकडे शिल्लक दम आहे तो निभावतो. ज्याच्याकडे नाही त्याला न्यूमोनिया होतो, हृदय थकतं, टाके उसवतात.

दम मोजण्याची सर्वांत नेमकी चाचणी म्हणजे तोंडाला मास्क लावून सायकल चालवणं. सायकल हळूहळू जड करत नेतात आणि आत किती प्राणवायू गेला, बाहेर किती कार्बन डायऑक्साइड आला, हे यंत्र दर श्वासाला मोजतं. एका टप्प्यावर स्नायूंना प्राणवायू पुरेनासा होतो आणि त्याच्याशिवाय ऊर्जा तयार करण्याची पद्धत त्यांना जोडीला घ्यावी लागते. त्या टप्प्याचा आकडा महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियातल्या ओल्डर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली 187 वयस्कर रुग्णांचे आकडे प्रसिद्ध केले. सगळ्यांची पोटाची मोठी ऑपरेशनं झाली होती. ज्या 55 जणांचा आकडा दर किलोला मिनिटाला 11 मिलिलिटरच्या खाली होता, त्यांच्यातले 10 जण हृदय व रक्ताभिसरणाच्या कारणाने दगावले. उरलेल्या 132 मध्ये असा मृत्यू एकच झाला. पुढच्या अभ्यासांत हा 11 चा आकडा थोडा वरखाली झाला, पण दम कमी तर धोका जास्त हे काही बदललं नाही.

कॅन्सरच्या पेशंटचं दुखणं इथून पुढे सुरू होतं. हल्ली बऱ्याच कॅन्सरांत ऑपरेशन पहिल्या दिवशी होत नाही. आधी किमो देतात, किंवा किमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दोन्ही देतात. गाठ आकसावी, कापणं सोपं व्हावं, रक्तातून इकडेतिकडे गेलेल्या पेशी वेळीच माराव्यात, हा त्यामागचा हेतू असतो. हा हेतू खरा ठरल्याचे पुरावे आहेत. अन्ननलिकेच्या कॅन्सरवरचा नेदरलँड्समधला 'क्रॉस' अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच आठवडे किमो आणि शेक देऊन मग ऑपरेशन केलेल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान 49.4 महिने होतं. थेट ऑपरेशन झालेल्यांचं 24 महिने. म्हणजे दुपटीहून जास्त. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर इस्पितळात स्तनाच्या एका आक्रमक प्रकारच्या कॅन्सरवर सातशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ऑपरेशनआधीच्या किमोत कार्बोप्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध घातलं, तर पन्नाशीच्या आतल्या स्त्रिया अधिक संख्येने वाचतात, असं त्यातून 2022 साली दिसलं.

अर्थात 'आधी किमो' हा सगळीकडे लागू पडणारा नियम नाही आणि तेही परळलाच सिद्ध झालं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आधी किमो देऊन ऑपरेशन करावं, की ऑपरेशन न करता किमो-शेक एकत्र द्यावेत? 2003 पासून 2015 पर्यंत रुग्ण घेत टाटाच्या डॉक्टरांनी 633 स्त्रियांवर हे तपासलं. पाच वर्षं रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण किमो-शेकच्या गटात 76.7 टक्के होतं, किमो-ऑपरेशनच्या गटात 69.3 टक्के. म्हणून शेजारच्या पाड्यावरच्या बाईला आधी किमो दिली आणि आपल्याला का नाही, यावरून डॉक्टरवर संशय घेऊ नये. अवयव बदलला की क्रमही बदलतो.

मग फायदा असेल तिथे किंमत काय पडते? इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अन्ननलिका आणि जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांना किमोआधी एकदा आणि किमोनंतर ऑपरेशनच्या तोंडावर एकदा त्या सायकलवर बसवलं. 2014 साली आलेल्या त्या अभ्यासात प्राणवायू पुरेनासा होण्याच्या त्या टप्प्याचा सरासरी आकडा 14.5 वरून 12.3 वर घसरला होता आणि पुरता दम लागेपर्यंतचा आकडा 20.8 वरून 18.3 वर. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पाच आठवड्यांच्या किमो-शेकनंतरही जवळपास तेवढीच घसरण दिसली. दोन मिलिलिटर म्हणजे किती, असं वाटेल. पण जो माणूस 12 वर होता तो 10 वर येतो. ज्या औषधाने गाठ कापण्याजोगी केली, त्याच औषधाने माणसाला कापणं सोसण्याजोगं ठेवलं नाही, असा हा पेच आहे.

ही घसरण एका ठिकाणी होत नाही. पहिला घाव रक्तावर. एक ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहतं. हिमोग्लोबिन 12 असलेल्या बाईच्या एक लिटर रक्तात त्या हिशेबाने सुमारे 160 मिलिलिटर प्राणवायू मावतो, 8 असलेल्या बाईच्या लिटरभर रक्तात 107. तिचं हृदय कितीही चांगलं असो, मालच कमी भरला जातो. आमच्याकडे ही बाई किमोला जाण्याआधीच 12 वर असते कुठे? बाळंतपणं, जंत, पोटभर न मिळणारं अन्न यांनी ते आधीच खाली आणलेलं असतं. त्यात पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा आरोग्य केंद्रातून त्याचं कार्ड मिळालं असेल, तर ते कार्ड परळच्या फायलीला पहिल्याच दिवशी लावावं. भूल देणाऱ्याला ती गोष्ट टेबलावर कळून चालत नाही.

दुसरा घाव स्नायूंवर. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी जी सूक्ष्म केंद्रं असतात, त्यांना किमोची काही औषधं थेट इजा करतात. उलटी थांबवायला दिलेली स्टेरॉइड्स वारंवार पोटात गेली की मांड्या सैल पडतात, उकिडवं बसल्यावर उठताना हात टेकावे लागतात. पॅक्लिटॅक्सेलने पायाच्या बोटांना मुंग्या येतात, खडबडीत पायवाटेवर पाय नीट पडत नाही आणि माणूस पडण्याच्या भीतीने चालायचंच टाळतो. काही औषधं हृदयावरही ताण आणतात, म्हणून मध्येमध्ये इकोची तपासणी होते. शिवाय तोंड आलेलं, चव गेलेली, घास उतरत नाही.

पण ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं ते कारण म्हणजे अंथरूण. 1966 साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी केलेलं नुकसान मोठं होतं! 2007 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात साठी ओलांडलेली निरोगी माणसं फक्त दहा दिवस खाटेवर राहिली आणि नुसत्या पायांतला जवळजवळ किलोभर स्नायू गेला. ही निरोगी माणसांची गोष्ट झाली. किमोच्या पेशंटला घरचे काय सांगतात? "तू काही करू नकोस, पडून राहा." सांगणारे मायेनेच सांगतात.

खोडाळ्याच्या पेशंटच्या वाट्याला हे पडून राहणं फार विचित्र रीतीने येतं. गावातून जीप किंवा एसटीने विहीगावमार्गे कसारा, तिथून लोकलने अडीच तास, दादरला उतरून परळ. कसारा ते मुंबई 120 किलोमीटर, त्याआधीचा घाटरस्ता वेगळा. वर सांगितलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात सुरुवातीचे आठ आठवडे दर आठवड्याला सलाइन असतं. दर आठवड्याला हे जाणंयेणं झेपत नाही, म्हणून माणूस मुंबईतच थांबतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर नातेवाइकाच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली. जी बाई रोज डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत होती, ती आता दिवसभर भिंतीला टेकून बसते. बाहेर गर्दी, वाहनं, रस्ता चुकण्याची भीती. तिला बरं करायला आणलेल्या शहरात तिचे पाय आधी जातात. मोखाड्यातल्या मध्य वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट बघतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या कष्टाने तिचा दम टिकून होता तो कष्ट त्याच टंचाईने लादलेला होता. त्याचं कौतुक करवत नाही, पण शरीराला तो फरक कळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कष्टकरी माणूस म्हणजे भरपूर दमाचा माणूस, असं समीकरण मांडतात. ते अर्धंच खरं आहे. नवव्या महिन्यापर्यंत आवणी करणारी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी बाई रोज आपल्या क्षमतेच्या कडेवरच काम करत असते. चाळीस-पंचेचाळीस किलो वजन, कमी रक्त, अंगावर चरबीही नाही आणि स्नायूही मोजकेच. तिची चाल चांगली असते, पण गाठीला शिल्लक नसते. किमोत चार किलो वजन गेलं तर सत्तर किलोच्या माणसाचं जेवढं बिघडतं त्यापेक्षा तिचं जास्त बिघडतं.

गेलेला दम परत येतो का? येतो, आणि तोही ऑपरेशनच्या आधी. किमो-शेक संपल्यावर ऑपरेशनपर्यंत काही आठवडे मधे जातात. अन्ननलिकेला साधारण चार ते आठ, गुदाशयाला त्याहून थोडे जास्त. शेकाची सूज उतरावी, पेशी भरून याव्यात म्हणून ही सुट्टी असते. इंग्लंडमध्ये वेस्ट आणि सहकाऱ्यांनी गुदाशयाच्या कॅन्सरच्या 39 रुग्णांवर नेमके हे आठवडे वापरले. किमो-शेकने सगळ्यांचा आकडा सरासरी 1.9 ने घसरला होता. 22 जणांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, सायकलवर व्यायाम केला. थोडा वेळ बेताने, थोडा वेळ जोराने, पुन्हा बेताने. त्यांचा आकडा 2.12 ने चढला, म्हणजे गेलेलं सगळं परत आलं. व्यायाम न केलेले 17 जण होते तिथेच राहिले. नुसत्या विश्रांतीने दम भरून आला नाही, ही 2015 सालची नोंद मला या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची वाटते.

यासाठी खोडाळ्याला सायकल लागत नाही. तीन मिनिटं सपाटीवर, दोन मिनिटं चढावर, असं आलटून पालटून अर्धा तास, दिवसाआड. जोर किती लावायचा? चालताना दोन शब्द बोलता यावेत, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. डोक्यावर हंडा किंवा मोळी नको, हात मोकळे हवेत. आषाढात बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा ओटीवर खाट ठेवून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा, मग दम खायचा आणि पुन्हा दहा वेळा. प्रगती मोजायला जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण आणि तीस मीटरची दोरी पुरते : दोन टोकांना दगड ठेवून सहा मिनिटांत किती अंतर कापलं ते आशाताईंनी वहीत लिहायचं. सहा मिनिटांच्या चालण्याची ही चाचणी मोठमोठ्या इस्पितळांतही अशीच तीस मीटरच्या पॅसेजमध्ये होते. किमोआधी एकदा आणि शेवटच्या किमोनंतर एकदा लिहिलेले दोन आकडे कुठल्याही तोंडी उत्तरापेक्षा बोलके असतात.

अन्ननलिकेच्या किंवा पोटाच्या ऑपरेशनआधी इस्पितळात एक प्लॅस्टिकचं खेळण्यासारखं यंत्र देतात. तीन नळ्यांत तीन रंगीत गोळ्या असतात. तोंडाने श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. पहिली सेकंदाला 600 मिलिलिटरच्या वेगाने, दुसरी 900, तिसरी 1200. बरेच जण फुंकर मारतात. फुंकरीने गोळ्या हलत नाहीत आणि ते यंत्र मग पिशवीत पडून राहतं. ऑपरेशननंतर दुखऱ्या छातीने ते शिकण्यापेक्षा आधी घरी नातवंडांसमोर बसून शिकलेलं बरं. विडी, तंबाखू, मिशेरी हे मात्र त्याच दिवसापासून बंद. विडी सोडून चार आठवडे झाले तर फुप्फुसांच्या तक्रारी कमी होतात आणि टाकेही लवकर भरतात.

व्यायामाला पोटातून साथ लागते. कॅन्सरच्या पेशंटला दर किलोला रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचेचाळीस किलोच्या बाईला म्हणजे 54 ते 67 ग्रॅम. शंभर ग्रॅम नागलीच्या पिठाच्या भाकऱ्यांत 7, तेवढ्याच तांदळात 7, पन्नास ग्रॅम डाळीत 11, दोन अंड्यांत 12, मूठभर शेंगदाण्यांत 7. बेरीज 44. आठवडी बाजारातल्या सुक्या बोंबलांचं, पंचवीस ग्रॅमचं, कालवण झालं की आणखी 15. म्हणजे आकडा गाठता येतो, पण रोज डाळ, रोज अंडी आणि रोज बोंबील, हे पाड्यावरच्या घराला औषधाइतकंच महाग पडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते, ऑपरेशन बसतं. अंडी बसत नाहीत. माझ्या मते बसायला हवीत. घास उतरत नसेल त्याने पेज, आंबील, पातळ केलेली डाळ घ्यावी. तेही उतरत नसेल तर नाकातून नळी घालण्याला घाबरू नये. नळी म्हणजे शेवट आला असं गावाकडे समजतात, पण ऑपरेशनपर्यंत वजन टिकवायचा तो साधा उपाय आहे.

व्यायामाने गाठ जात नाही, आणि दम वाढवायचा म्हणून ऑपरेशनची दिलेली तारीख आपल्या मनाने पुढे ढकलायची नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या 251 रुग्णांवरचा युरोप-कॅनडातला अभ्यास 2023 साली आला. चार आठवड्यांच्या व्यायाम, आहार आणि धीर देण्याने ऑपरेशननंतरची गंभीर गुंतागुंत 29.7 टक्क्यांवरून 17.1 टक्क्यांवर आली. पण तो अभ्यास मुख्यतः थेट ऑपरेशन होणाऱ्यांवरचा होता. किमो-शेकनंतर परत मिळवलेल्या दमाने माणसं जास्त वर्षं जगतात का, याचं काम अजून चालू आहे.

काही दिवशी चालायला जायचं नसतं. छातीत दुखलं, चक्कर आली, हिमोग्लोबिन 8 च्या खाली गेलं, कुठून रक्त येऊ लागलं, हाडात गाठ पसरल्याचं सांगितलेलं असलं, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हा 100.4 च्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन लावायचा, आणि खोडाळ्याचं आरोग्य केंद्र असो, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय असो की जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, दारात उतरल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं की पेशंटची किमो चालू आहे.